मिनलच्या लग्नपत्रिकेचे तीन मालक

कोणतीही वस्तू मुळात वापरण्यासाठी नसते. ती कोणी वापरू नये हे ठरवण्यासाठी असते. हे सत्य मला शासकीय सेवेच्या पहिल्याच महिन्यात उमगले. आमच्या कार्यालयात कागदांना भोके पाडायचे एक यंत्र होते. यंत्र साहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली बडेबाबूंच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली बडेबाबूंच्या करदोट्याला असे. कागदांना भोके आम्ही पेन्सिलीने पाडायचो. पण ते यंत्र आजही कोरे करकरीत आहे. (निवृत्तीच्या दिवशी मला ते लांबून दाखवण्यात आले.)

एवढा अनुभव गाठीशी असल्यामुळे, बेसा येथील आमच्या लेआउटमधले शेजारी मारोतराव घाटोळे यांच्या धाकट्या मुलीच्या, म्हणजे मिनलच्या, लग्नात 'परवानगी व मानपान समन्वयक' असे पद निर्माण झाले तेव्हा ते आपसूक माझ्याकडे आले. (पद मीच सुचवले होते.)

लग्न म्हणजे काय, याबद्दल शास्त्रांत मतभेद असतील. आमच्या भागात नाहीत. लग्न म्हणजे पत्रिकेत कोणाचे नाव कोणाच्या वर आले. हळद, मंगलाष्टके, जेवण वगैरे बाबी त्या निर्णयाला जोडलेली परिशिष्टे होत. मी स्वतः पाहिलेल्या रुसव्यांपैकी सुमारे साठ टक्के पत्रिकेवरून झाले, पंचवीस टक्के आहेरातल्या दुपट्ट्याच्या कापडावरून, आणि उरलेले पंधरा टक्के वांग्याची भाजी आपल्याच पंगतीला संपली म्हणून. वधू-वरांवरून कोणी रुसल्याची नोंद नाही. त्या दोघांचा लग्नाशी तसा दूरचाच संबंध असतो.

मिनलची मागणी मात्र एकच होती. तिच्या थोरल्या बहिणीच्या, रीनाच्या, पत्रिकेत नावांची इतकी दाटी झाली होती की वधूचे नाव बरोबर घडीवर आले आणि पुसले गेले. कन्हानकडची मंडळी अक्षता पडेपर्यंत हे लग्न मारोतरावांच्या पुतणीचे समजत होती आणि त्यांनी आहेरावर पुतणीचेच नाव घातले होते. रीना ते अजून विसरलेली नाही. म्हणून मिनलने सुरुवातीलाच सांगून टाकले, "बाबा, तुमाले ज्याचं नाव टाकायचं त्याचं टाका. मले काही म्हणायचं नाई. फक्त माह्यं अन् रजतचं नाव लोकायले वाचता आलं पाहिजे."

"हे काय सांगायची गोष्ट आहे वं?" मारोतराव म्हणाले. सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मिनल मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहे. तिने एक व्यवस्था सुचवली. पत्रिकेची फाईल एकच, पण ती तीन संगणकांवर राहणार. एक बेशाला, मारोतरावांकडे. दुसरा कन्हानला, मिनलच्या मामांच्या, शालिकराम इखारांच्या ताडपत्रीच्या दुकानात. तिसरा हिंगण्याला, रीनाच्या नवऱ्याकडे, म्हणजे घाटोळ्यांचे थोरले जावई विक्रमराव यांच्या घरी. एका ठिकाणी अक्षर बदलले की उरलेल्या दोन ठिकाणी ते आपोआप बदलते. याला ती मंडळी सिंक म्हणतात. आमच्या वेळी हे काम जीपवर व्हायचे आणि प्रवासभत्ता मिळायचा.

शिवाय फाईलला परवानग्या असतात. वाचणे, लिहिणे आणि चालवणे अशा त्या तीन. त्या मिळतात तीन वर्गांना: मालक, गट आणि इतर. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. ज्याने कोणी ही रचना केली त्याने आमच्याकडची दोन-चार लग्ने नक्की पाहिली असणार. एरवी परक्या माणसाला एवढा मानपान सुचत नाही. चालवणे म्हणजे काय, असे मी विचारले. ते पत्रिकेला लागू नाही, असे मिनल म्हणाली. मी तरीही तो रकाना ठेवून घेतला. रिकामा रकाना कधी ना कधी कामी येतो.

पहिली तांत्रिक चूक मिनलनेच केली. फाईल तिने बनवली म्हणून फाईलची मालक तीच झाली होती. ही बाब मी मारोतरावांच्या निदर्शनास आणून दिली.

"घर माह्यं, पोट्टी माही, खर्च माहा," मारोतराव म्हणाले, "अन् मालक हे?"

"बाबा, ते फक्त कम्प्युटरपुरतं आहे."

"मंग कम्प्युटरपुरता मले कर ना."

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. संगणक माणसाचे नाव लक्षात ठेवत नाही, नंबर लक्षात ठेवतो. ज्याचे खाते त्या यंत्रावर सर्वांत आधी उघडले तो एक नंबर. (यातही तो आपल्याकडच्या थोरल्या भावांप्रमाणेच वागतो.) मिनलने बिचारीने सगळे पुसून पहिले खाते मारोतरावांचे उघडले आणि आपले दुसरे. फाईलवर शिक्का बसला: मालक, एक नंबर. मग फाईल कन्हान आणि हिंगण्याला रवाना करताना मी आग्रहाने सांगितले की परवानग्या जशाच्या तशा गेल्या पाहिजेत, अधिकार वाटेत गळता कामा नयेत. तिने तशी खूण केली.

फाईल कन्हानला पोचली. तिथल्या संगणकाने पाहिले, मालक एक नंबर. त्या यंत्रावर एक नंबर कोण? मामा. त्याने मामांचे नाव दाखवले. हिंगण्याला एक नंबर कोण? जावई. त्याने जावयांचे दाखवले. अशा रीतीने एकाच पत्रिकेला एकाच वेळी तीन मालक लाभले आणि प्रत्येकाला आपल्या पडद्यावर फक्त आपलेच नाव दिसू लागले. मानपानाच्या इतिहासात इतका निर्दोष तोडगा मी पाहिलेला नाही.

"काका, गडबड झाली," मिनल धावत माझ्याकडे आली. "तिघंही मालक दिसून राहिले."

"बेटा, याला गडबड नाही म्हणत," मी म्हणालो. "याला समाधान म्हणतात."

उरलेल्यांचे वर्गीकरण मी एका दुपारी उरकले. मिनलची आई शोभाताई 'गट' या वर्गात. त्यांना वाचण्याची परवानगी, सूचना असल्यास स्वयंपाकघरातून तोंडी. वधूने आपल्या लग्नात फार बोलू नये हा आपल्याकडचा जुना रिवाज. त्याला तांत्रिक रूप देऊन मिनलला 'इतर' मध्ये घेतले. तिलाही वाचण्याची परवानगी होतीच. नियोजित वर रजत लांजेवार याला वाचण्याचीही नव्हती, कारण मुलाकडच्यांनी पत्रिका आधी पाहिली की ते आपली नावे वाढवतात. मिनलला सर्व कुलपे उघडणारा पासवर्ड ठाऊक होता, तोही मी बदलून घेतला आणि त्याचे तीन तुकडे करून तिन्ही मालकांना वाटले. (मामा आपला तुकडा त्याच संध्याकाळी विसरले.)

आणि कामाला सुरुवात झाली.

मामांनी पहिल्याच दिवशी आपले नाव सर्वांत वर नेले, कारण मामाशिवाय लग्न लागत नाही. विक्रमरावांनी ते हिंगण्याहून खाली आणले, कारण जावयाच्या वर मामा बसल्याचे त्यांनी कुठे ऐकले नव्हते. मामांनी पुन्हा वर नेले. त्याच क्षणी विक्रमरावांनी पुन्हा खाली आणले. दोन ठिकाणी एकाच वेळी बदल झाला की सिंक कोणाचीच बाजू घेत नाही. ती दोन्ही प्रती ठेवते आणि एकीवर 'वादग्रस्त प्रत' असे लिहून मोकळी होते. आठवडाभरात मारोतरावांच्या संगणकात पुढीलप्रमाणे साठा जमला:

लग्नपत्रिका
लग्नपत्रिका (वादग्रस्त प्रत, कन्हान)
लग्नपत्रिका (वादग्रस्त प्रत, हिंगणा)
लग्नपत्रिका (वादग्रस्त प्रतीची वादग्रस्त प्रत, कन्हान)
लग्नपत्रिका फायनल (वादग्रस्त)

आजवर हे काम आमच्याकडे आत्याबाई करत. पण त्या लिहून ठेवत नसत.

"भाऊजी, माह्यं नाव सकाळी वर होतं. आता खाली कसं आलं?" मामांचा मारोतरावांना फोन.

"मले काय माहीत गा? सरकलं असन."

"नाव काय ताडपत्री आहे का, हवेनं सरकाले?"

तिकडे हिंगण्याहून रीनाचा फोन. "बाबा, हे सकाळपासून जेवले नाईत." विक्रमरावांनी घरी अन्नत्याग केला होता. (कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दोनदा जेवल्याचे पुढे उघडकीस आले.)

मग मामांनी एक धाडसी पाऊल उचलले. आपले नाव वर असतानाच त्यांनी फाईलची लिहिण्याची परवानगीच काढून टाकली. परवानग्या जशाच्या तशा प्रवास करत असल्यामुळे कुलूप तत्काळ बेसा आणि हिंगण्यालाही लागले. आणि कन्हानला तर ते आधीच लागलेले होते. आपल्या मधल्या मुलाचे नाव राहिले हे मामांना त्यानंतर आठवले. दुकानाशेजारच्या मोबाईलवाल्याने कुलूप काढून देईपर्यंत मामांच्या घरचे वातावरण बरेच बिघडले होते, असे कळते.

तेव्हा मी एक परिपत्रक काढले. दुसऱ्याने घातलेले नाव कोणीही काढू नये. नाव वर-खाली करायचे असल्यास नावाच्या धन्याची तोंडी ना-हरकत घ्यावी. कैलासवासी झालेल्यांची नावे त्यांच्या मुलांच्या ताब्यातील समजावीत. स्वतः कैलासवासींना वाचण्याची परवानगी गृहीत धरली आहे. हे परिपत्रक तिन्ही ठिकाणी पोचले आणि एकाही ठिकाणी वादग्रस्त ठरले नाही. ते कोणी उघडले नाही, हे त्यामागचे कारण असावे.

शेवटी प्रकरण इतवारीतल्या ताराचंद प्रेसवाल्याकडे गेले. ताराचंदने नावे मोजली, कागद मोजला आणि चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, दोन लाइन जास्त होऊन राहिल्या. दोन काढा, नाही तं अक्षर इतकं बारीक होईल का कोणालेच आपलं नाव दिसणार नाही. उद्या दुपारी मशीनवर घेतो, मंग पुढं सीझन फुल आहे."

कोणालाच आपले नाव दिसणार नाही, या धमकीने तिन्ही मालक प्रथमच एकदिलाने घाबरले.

मी रातोरात नव्हे, तर दुपारचा चहा संपेपर्यंत 'रुसवा-जोखीम तक्ता' तयार केला. मामा: तीव्र. जावई: अतितीव्र (पूर्वानुभव). कैलासवासी आजोबा: स्वतः सौम्य, पण त्यांचे चिरंजीव तीव्र. रीनाचा मुलगा पियूष, वय वर्षे पाच: स्वतः रुसण्याची शक्यता नाही, मात्र वडील पुन्हा जेवणार नाहीत. निकष मी एकच ठेवला: ज्या दोन ओळी काढल्याने लग्नाला एकही माणूस कमी येणार नाही, त्या काढाव्यात. तक्ता तिन्ही मालकांना धाडला.

सकाळी पाहिले तर दोन ओळी कमी झालेल्या. कोणी केल्या? फाईलमध्ये नोंद होती: एक नंबरने. तिघेही एक नंबर. कोणाचाही फोन आला नाही, कोणी जेवण सोडले नाही, म्हणजे योग्य त्याच ओळी गेल्या होत्या. मारोतराव, मामा आणि विक्रमराव या तिघांनी अंतिम मसुदा बारकाईने तपासून मंजूर केला. मीही तपासला. ती पत्रिका वाचकांच्या अवलोकनार्थ इथे देत आहे:

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

सप्रेम नमस्कार वि. वि.
आमचे येथे कुलस्वामिनीच्या कृपेने
कै. तुकारामजी घाटोळे यांची नात व
श्री. मारोतराव आणि सौ. शोभाताई घाटोळे, बेसा यांची कनिष्ठ सुकन्या
आणि
श्री. प्रल्हादराव व सौ. गोपिकाताई लांजेवार, कामठी यांचे ज्येष्ठ सुपुत्र
यांचा शुभविवाह रविवारी सकाळी अकरा वाजून एकोणीस मिनिटांच्या शुभमुहूर्तावर बेसा येथे संपन्न होत आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह उपस्थित राहून वधू-वरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.
मामा: श्री. शालिकराम इखार व बंधू, कन्हान (ताडपत्री, दोरखंड व मेणकापड)
जावई: श्री. विक्रमराव ठवकर, हिंगणा
स्वागतोत्सुक: समस्त घाटोळे, इखार व ठवकर परिवार
विशेष सहकार्य: श्री. केशवराव उमाठे (सेवानिवृत्त)
माह्या मावशीच्या लग्नाले यायचं हं! – चि. पियूष

(मामा आणि जावई यांची नावे एकाच उंचीवर, डावी-उजवीकडे आली, हे ताराचंदचे कौशल्य. डावी बाजू मोठी की उजवी, हा प्रश्न पुढच्या लग्नापर्यंत तहकूब आहे.)

पत्रिका वाटल्या गेल्या. बेसा, कन्हान, हिंगणा, कामठी, जिथे जिथे गेल्या तिथे त्यांचे उत्तम स्वागत झाले. मामांनी एक प्रत दुकानात गल्ल्याच्या वर चिकटवली. विक्रमराव जेवले. एकूण सहाशे पत्रिका, तक्रारी शून्य. माझ्या संपूर्ण सेवाकाळात इतके बिनतक्रार प्रकरण झालेले नाही, आणि मला भरून आले हे मी लपवणार नाही.

लग्नाआधीच्या सोमवारी सकाळी मारोतरावांच्या बैठकीत तिन्ही मालक, मी आणि चिवडा असे जमलो होतो. मिनल पत्रिका घेऊन बाहेर आली. तिने ती आम्हा सर्वांसमोर पुढून वाचली, मागून वाचली, मग उजेडाकडे धरून वाचली.

"बाबा, लग्न कोणाचं आहे?"

"तुह्यं. अजून कोणाचं?"

"मंग माह्यं नाव कुठं आहे?"

मारोतरावांनी चष्मा लावला. मामांनी लावला. विक्रमरावांना चष्मा नाही, त्यांनी डोळे बारीक केले. दोन ओळी कोणत्या गेल्या होत्या ते तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले. एक मिनलच्या नावाची आणि एक रजतच्या.

"राहिलं वाटते," मारोतराव म्हणाले.

"अवं, तुह्यं नाव काहून पायजे?" मामा म्हणाले. "तुले कोण नाई ओळखत?"

"अन् तुम्ही दोघं तं येणारच आहा ना लग्नाले," विक्रमराव म्हणाले. "रुसून थोडीच राहणार?"

युक्तिवाद बिनतोड होता. माझ्याच तक्त्याचा निकष त्यांनी अचूक लावला होता. मी मनातल्या मनात तिघांपैकी अज्ञात एक नंबरला शाबासकी दिली.

"मी पाहिलं होतं," मिनल म्हणाली. "छापायच्या दिवशी सकाळीच पाहिलं. नावं टाकाले गेली तं म्हणे लिहायची परवानगी नाई. तुमाले फोन केला, काका. तुमी म्हणाले, अर्ज कर."

हे खरे आहे. तिचा अर्ज माझ्याकडे रीतसर प्राप्त झालेला आहे. तिन्ही मालकांच्या सहीनंतर तो निकाली काढण्यात येईल. तिने नावे घालून वेगळी जपून ठेवलेली प्रतही मला नंतर संगणकात सापडली. तिच्यावर लिहिले होते: 'वादग्रस्त प्रत (इतर)'.

शोभाताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या हातात पोळपाट होता आणि तो त्यांनी खाली ठेवला नाही. "माही पोरगी माह्याच घरात इतर आहे काय?" त्या म्हणाल्या. "कोनं लिहिलं हे?"

वर्गीकरणाचे काम कोणाकडे होते, हे त्या क्षणी कोणाला आठवले नाही, याबद्दल मी सर्वांचा आभारी आहे.

मी चर्चा मूळ मुद्द्यावर आणली. ताराचंदला विनंती करून पत्रिका पुन्हा छापता येईल. मात्र दोन नावे घालायची तर दोन ओळी काढाव्या लागतील. कोणत्या काढू? मारोतराव पंख्याकडे पाहू लागले. मामांना दुकानाची आठवण झाली. विक्रमरावांनी हातातला चिवडा परत ताटलीत ठेवला, आणि तो इशारा सर्वांना कळला. 'विशेष सहकार्य' ही माझ्या नावाची ओळ कोणी सुचवली नाही. मीही समितीचे लक्ष तिकडे वेधले नाही.

मिनल आत गेली. रजतला फोन केल्याचे ऐकू आले. आधी ती रडत होती, मग दोघे हसत होते. थोड्या वेळाने तिने आपल्या मोबाईलवरून सर्व नातेवाइकांना एक संदेश पाठवला. तो पूर्ण असा:

'मिनल आणि रजत यांचं लग्न आहे. रविवारी, बेशाला. या.'

पाठवायला तिने कोणाची परवानगी घेतली नाही. चालवणे म्हणतात ते हेच असावे. माझा रिकामा रकाना वाया गेला नाही.

परिणाम अपेक्षेपेक्षा वेगवान होता. बैठकीतल्या तिघांचेही मोबाईल एकदम वाजले. मामांनी संदेश एकदाच वाचला, चष्म्याशिवाय वाचला आणि ओरडले, "हे काय? याच्यात माह्यं नावच नाई!" विक्रमरावांनी रीनाला फोन करून स्वयंपाक करू नको म्हणून कळवले. मारोतराव संदेश खाली-वर सरकवत म्हणाले, "बापाचंही नाव नाई बाप्पा." गहाळ नाव तत्काळ शोधून काढण्याची क्षमता तिन्ही मालकांमध्ये अत्युत्तम असल्याचे मी या निमित्ताने नमूद करतो.

दुपारनंतर नातेवाइकांचे फोन सुरू झाले. छापील पत्रिकाही मिळाली होती आणि संदेशही. घाटोळ्यांकडे रविवारी लग्न आहे हे ठाऊक होते, पण त्याच दिवशी बेशालाच हे दुसरे लग्न कोणाचे? मिनल कोण? कन्हानच्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला विचारले, "दोनातल्या कोणत्याले जायचं? जेवण कुठं चांगलं आहे?" मी त्यांना दोन्हीकडे जाण्याचा सल्ला दिला आहे.

आता थोडे वाचकांविषयी. वर पत्रिका जशीच्या तशी दिली आहे. वधूला फक्त तिचे नाव वाचता यायला हवे होते, हे तुम्हाला सुरुवातीलाच सांगितले होते. तरीही तुम्ही पत्रिका वाचलीत, ताडपत्री-दोरखंडाशी जरा हसलात आणि पुढे गेलात. तुमच्यातल्या काहींच्या ते लक्षात आलेही असेल. पण तेही बोलले नाहीत. तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही 'इतर' या वर्गात मोडता आणि तुम्हाला फक्त वाचण्याची परवानगी आहे. खात्री करून घ्यायला तुम्ही आता पुन्हा वर जाऊन पत्रिका पाहाल, हेही मला ठाऊक आहे. फक्त खरे सांगा, आधी काय पाहाल? मिनलचे नाव कुठे नाही ते, की तुमच्या आडनावाचे कोणी आहे का ते?